काठावरचं कासव

देवावर रुसायची मला जुनी खोड आहे. रुसते, चार दिवस बोलत नाही, आणि मग गरज पडली की मीच आधी जाते. आमच्या उदगीरच्या लिंगायत घरात सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी तोंडात अन्न घालत नाही. गळ्यातलं लिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं आणि काही वेळ नुसतं त्याच्याकडे बघत बसायचं, एवढीच ती पूजा. लग्न होऊन आल्यापासून ती एक दिवसही चुकवली नाही, हे मी चारचौघींत मोठ्या तोऱ्यात सांगायची. पण खरं सांगते, डोळे लिंगाकडे आणि कान गॅसवरच्या दुधाकडे, अशीच माझी पूजा चालायची. दूध वर यायला लागलं की देवाला घाईघाईनं डबीत घालून मी आत पळायची. यजमान हसायचे, म्हणायचे, "तुझ्या महादेवाला टेकायला फुरसत कवा देतीस गं तू?" माझा स्वभावच तसा. तेल तापायच्या आधी मोहरी टाकणारी मी. या घाईनं एकदा माझ्या नातीच्या जिवावर बेतलं होतं. ते आठवायलाही नको वाटतं, आणि तरीही ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण त्याच दिवसांत मला जे मिळालं ते आयुष्यभराच्या पूजेत मिळालं नव्हतं.

लेक नांदेडला दिलेली. मागच्या फाल्गुनात तिला सातवा महिना लागला आणि एका दुपारी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. रक्तदाब इतका वाढला होता की डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी ऑपरेशन करून बाळ बाहेर काढलं. मुलगी झाली. वजन सव्वा किलो. आमचं किराणा दुकान, त्यामुळं सव्वा किलो म्हणजे किती हे माझ्या हातांना तराजूशिवाय कळतं. डाळीची पुडीसुद्धा त्याहून भरीव लागते. त्या काचेच्या पेटीत ती निजली होती, नाकात नळी, पायाला तार, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजाव्यात. मी उदगीरहून मिळेल त्या गाडीनं आले आणि काचेबाहेरून तिला पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून देवाचं नावही निघालं नाही.

आमच्यात आठव्या महिन्यात गर्भाला लिंग देतात. आमचे पुरोहित, जंगमस्वामी, घरी येतात, मंत्र म्हणून बाळाच्या नावचं लिंग आईच्या अंगावर बांधतात, आणि बाळ जन्मलं की तेच त्याला बांधतात. ते इवलंसं लिंग मी हौसेनं आधीच आणून ठेवलं होतं, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून. पण लेक आठव्या महिन्यापर्यंत पोचलीच नाही. तेव्हा माझ्या मनानं एकच घेतलं, की पोरगी लिंगाविना आली आहे, तिला राखणदार नाही, म्हणून हे सगळं होतंय. आणि काही बरंवाईट झालंच तर ती तशीच जाईल. जावई समजावत होते, "मामी, घरी गेल्यावर सगळं रीतीनं करू." मी ऐकणाऱ्यातली नव्हते.

चौथ्या दिवशी मला आत जाऊन नात बघायची परवानगी मिळाली. तिथली सिस्टर बिलोलीकडची होती, वयानं माझ्या लेकीएवढीच. तिनं कोपरापर्यंत साबणानं माझे हात धुऊन घेतले, वरून हिरवा झगा घातला आणि बजावलं, "आजी, नुसतं बघायचं. हात लावायचा न्हाई." मी शहाण्यासारखी मान हलवली. पण कमरेच्या पिशवीत ते लिंग होतं आणि एका कागदाच्या पुडीत विभूती होती. सिस्टर शेजारच्या बाळाकडे वळली आणि मी पेटीची गोल खिडकी उघडली. विभूतीचं बोट तिच्या कपाळाला लावलं आणि लिंग छातीवर ठेवलं. मनात म्हटलं, आता महादेव तुला सांभाळील.

पोरगी एकदम आखडली. मग तिचं हलणंच थांबलं. ओठ निळसर झाले आणि पेटीवरचं मशीन ओरडायला लागलं. सिस्टर धावत आली, मला बाजूला सारून तिनं बाळाचे तळपाय चोळले, पाठ चोळली, आणि किती वेळानं कोण जाणे, बाळानं श्वास घेतला. त्या संध्याकाळी तिला ताप भरला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे श्वासाचं मोठं मशीन लावावं लागलं. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "तुमच्यामुळंच झालं असं सांगता येणार नाही. एवढ्या लहान बाळांचा श्वास मधेच थांबतो, तापही येतो. पण बाहेरचं काही आत न्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा." सिस्टरनं ते लिंग पुसून, फडक्यात बांधून मला परत दिलं. मग मी लेकीकडे गेले. खाटेवर उशाला टेकून बसली होती, रडून रडून डोळे सुजलेले. आमच्या घरात सीमेपलीकडच्या कानडी वळणानं आईला अव्वा म्हणतात. ती म्हणाली, "अव्वा, तू घरी जा. माझ्या लेकराजवळ येऊ नकोस."

मी घरी गेले नाही. रिक्षा केली आणि गंगेवर गेले. नांदेडची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. गावाच्या वरच्या अंगाला, जिथं धरणाचं अडलेलं पाणी केळीच्या बागांना येऊन भिडतं, तिथं मी उतरले. मनात काय होतं ते सांगायला आज लाज वाटते. लिंग हरवलं तर जीव द्यावा अशी आमच्याकडची जुनी श्रद्धा, आणि मी नातीचं लिंग स्वतःच्या हातानं पाण्यात सोडायला निघाले होते. एवढी वर्षं तुला तळहातावर वागवलं, आणि तू चार दिवसांच्या लेकरावरून हात काढतोस? राहायचं नसेल तिच्याजवळ तर जा तुझ्या पाण्यात. असं मोठ्यानं बोलत मी काठाच्या चिखलात उतरले होते. ऊन अजून कोवळं होतं. आजूबाजूला कुणी नाही असं मला वाटलं होतं.

पण पाण्यावर एक माणूस होता. थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून केलेल्या तराफ्यावर बसून तो रात्री टाकलेलं जाळं ओढत होता. काठावर त्याची बायको मासे निवडत होती. पारूबाई तिचं नाव, भोयाची बाई, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल. नवरा तिथूनच ओरडला, "अगं, कासव घावलंय. मेलंय वाटतं." त्यानं तराफा काठाला आणला. परातीएवढं चपटं कासव, पाठ मऊ, चामड्यासारखी, नाक नळीसारखं लांब. जाळ्याचा दोरा मानेत आणि पुढच्या पायात रुतला होता. मान लोंबत होती. पारूबाईनं नवऱ्याला दोरा ओढू दिला नाही. ब्लेड काढलं आणि स्वतःचं जाळं चार-पाच ठिकाणी कापून काढलं.

मी बघत होते आणि माझ्या अंगात तेच जुनं वारं शिरलं. मुकं जनावर, पाण्यातला जीव, आणि ही माणसं त्याला उन्हात घेऊन बसलीत! मी पुढं होऊन दोन्ही हातांनी ते उचललं आणि पाण्याकडे निघाले. म्हटलं, "अहो, सोडा आधी त्याला! पाण्यात गेलं की तरतरी येईल."

पारूबाईनं माझं मनगट धरलं. काय पकड होती तिची! "थांबा माय," ती म्हणाली. "आता पान्यात टाकलं तर मरंल. पान्यानंच गुदमरलंय ते."

मला काही कळेना. कासव पाण्यात गुदमरतं? तिनं माझ्या हातांतून ते काढून घेतलं, मागच्या बाजूनं, पाठीच्या दोन्ही कडांना धरून. "त्याला आपल्यावानीच दम घ्यायला वर यावं लागतंय. रातभर जाळ्यात आडकलं, वर येता आलं न्हाई, पोटात पानी गेलं. आदुगर आमीबी आसंच करत व्हतो. जाळ्यात घावलं की पुन्न म्हनून लगीच सोडून द्यायचो. दुसऱ्या दिशी फुगून वर आलेलं दिसायचं." ती कासवाकडे बघत म्हणाली, "पुन्न करायची लई घाई झालती आमाला."

ती हे मला टोचायला बोलली नव्हती. तिला माझं काही ठाऊकच नव्हतं. पण मी तिथंच चिखलात बसले.

तिनं एक दगड ठेवला, त्यावर ओलं पोतं अंथरलं आणि कासवाला त्यावर पालथं ठेवलं, मागचं अंग वर, डोकं खाली. नाकातून पाणी ठिबकायला लागलं. दुसरं ओलं फडकं पाठीवर टाकलं, नाक उघडं ठेवून. मला म्हणाली, "केळीचं एक पान आना बागंतून, फाटकं आसलं तरी चालंल. सावली पायजे." मी आणलं. मग विचारलं, आता काय करायचं? ती म्हणाली, "आता काई न्हाई करायचं." वनखात्याच्या एका माणसानं त्यांना हे दाखवलं होतं म्हणे. उताणं करायचं नाही, पाय धरून ओढायचं नाही, पाणी पाजायचं नाही, तोंडात फुंकायचं नाही. फडकं वाळू द्यायचं नाही आणि बसायचं. कधी तासाभरात हलतं, कधी दिवस जातो. कधी हलतही नाही.

मी पुडीतली विभूती काढली. कासवाच्या पाठीला लावावी म्हणून हात पुढं केला, आणि पारूबाईनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी पुडी परत ठेवली. दोन दिवसांत दुसऱ्यांदा माझी भक्ती परत आली. तेवढ्या दुःखातही मला स्वतःचं हसू आलं.

बसून राहणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. हात नुसते शिवशिवत होते. दर दोन मिनिटांनी मी विचारायची, "हललं का?" पारूबाई मासे निवडत म्हणायची, "न्हाई." मग मी तिला सगळं सांगितलं. नात, पेटी, लिंग, निळे ओठ, लेकीचे शब्द. इथं कशाला आले होते तेही सांगितलं. तिनं देवाबद्दल एक अक्षर काढलं नाही. फक्त विचारलं, "पोरीला बघनारी बाई हाय न्हवं तितं?" मी म्हटलं, "हाय. बिलोलीची सिस्टर हाय." "मंग ती बसलीय की फडकं वलं करत," पारूबाई म्हणाली, आणि पोत्यावर ओंजळभर पाणी शिंपडलं.

ऊन चढलं. करायला काही नव्हतं म्हणून मी ते इवलं लिंग फडक्यातून काढलं आणि सवयीनं डाव्या तळहातावर ठेवलं. बेल नाही, पाणी नाही, नाव घ्यायचीही शुद्ध नाही. नुसती बघत बसले. आणि मग एक साधी गोष्ट लक्षात आली, जी मी रोज करत होते आणि कधी पाहिली नव्हती. पूजेत लिंगावर मूठ मिटायची नसते. तळहात उघडा ठेवायचा असतो. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं, बोटं आवळली की त्या हळूच सरळ करायच्या. मी बोटं सरळ ठेवायला शिकले, मन मात्र कायम मूठ आवळून बसलेलं. नातीच्या छातीवर लिंग ठेवताना मी तिला देवाच्या हवाली कुठं करत होते? मी तर त्यालाच कामाला लावत होते, दुकानात हमालाला हाक मारावी तसं. तिथं मी पहिल्यांदा रडले. आवाज न करता, खूप वेळ. महादेवा, ती तुझीच आहे, तिला ठेव किंवा ने, असं म्हणायची हिंमत मला झाली नाही, ते खोटं सांगणार नाही. मी एवढंच म्हणू शकले की मी आता मधे येत नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. सावली केळीच्या पानाखालून सरकली होती, पान मी दोनदा हलवलं होतं. पारूबाई उठली, तिनं कासवाच्या शेपटीला हळूच बोट लावलं. काही नाही. डोळ्याच्या कडेला लावलं. पापणी मिटली. अगदी थोडी, पण मिटली. मी उभी राहिले तर ती म्हणाली, "बसा. आजून न्हाई." मग नाकाच्या त्या नळीतून एक बुडबुडा आला, घशातून खरखर झाली, आणि मान आत ओढली गेली. तरीही तिनं ते सोडलं नाही. चारही पाय पोतं ओरबाडायला लागले, मान लांब करून ते चावायला बघायला लागलं, तेव्हा ती हसली. "आता शिव्या देऊन राहिलं. आता न्यायचं."

नवऱ्यानं त्या बाजूचं उरलेलं जाळं आधी ओढून घेतलं. पारूबाईनं मला बोलावलं, "या, धरा मागल्या कडंला. म्होरं हात नेऊ नका, बोट तोडंल." मी लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात गेले. वरून टाकायचं नाही, ढकलायचं नाही, पाण्यात टेकवायचं आणि हात सैल सोडायचे, असं तिनं सांगितलं. मी तसं केलं. पाण्याखाली माझे दोन्ही तळहात उघडे, आणि त्यांवर ते क्षणभर तसंच राहिलं. मला वाटलं, पुन्हा गेलं की काय. आत काहीतरी धडधडत होतं, त्याचं की माझं कोण जाणे. मग हातांवरचं वजन गेलं. गढूळ पाण्यात एक वळसा दिसला, बस. जरा लांब ते नाक एकदा वर आलं, श्वास घेतला आणि बुडालं.

मी पारूबाईच्या पाया पडायला वाकले तर ती मागं सरली. "आता गं! माज्या पाया कामून पडता? माज्याच जाळ्यात घावलं व्हतं ते," म्हणाली. लिंग फडक्यात बांधून मी परत निघाले, हातांना मासळीचा वास घेऊन. आमचं शाकाहारी घर, एरवी त्या वासानं मला मळमळलं असतं.

दवाखान्यात गेल्यावर काही चमत्कार झाला नव्हता. मशीन तसंच होतं, ताप तसाच होता. वास जाईपर्यंत हात धुतले आणि बाहेरच्या बाकावर बसले. लेकीसमोर गेले नाही. दुसऱ्या दिवशीही बसले, तिसऱ्याही. सकाळी माझ्या गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायची आणि सिस्टर लोकांची येजा चालू असताना शांत बघत बसायची. चौथ्या दिवशी ताप उतरला. त्यानंतर मोठं मशीन निघालं. एका सकाळी ती बिलोलीची सिस्टर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आजी. ते तुमचं लिंग हाय का जवळ? आत ठेवता येनार न्हाई. पन पेटीच्या खाली स्टँड हाय, तितं बांधते मी." तिनं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, तोंड चिकटवलं आणि स्वतःच्या हातानं नेऊन बांधलं. मी मागितलं नव्हतं. ज्यासाठी मी नातीचा जीव धोक्यात घातला, ते न मागता, नियम न मोडता, परक्या पोरीच्या हातून झालं.

नातीला पेटीतून बाहेर यायला महिना लागला. त्या दिवशी लेक बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर घेऊन आली. मी भिंतीला टेकून उभी होते, हात पाठीमागं. जावई, विहीण, सगळे पुढं झाले. मी हलले नाही. लेक सगळ्यांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आली. मग म्हणाली, "घे की गं अव्वा." माझ्या तोंडून निघालं, "थांब, हात धुऊन येते." आणि महिन्याभरात पहिल्यांदा माझी लेक खळखळून हसली, हसता हसता रडायला लागली.

पारूबाईला सांगायला मी नंतर गेले होते. तिनं जाळ्याच्या त्याच फाटक्या जागी नवा दोरा घातला होता. स्वामींनी उदगीरला घरी येऊन नातीला लिंग दिलं, रीतीनं. स्टँडला बांधलेलं होतं तेच.

आता नात वर्षाची होत आली आहे, लेकीबरोबर माझ्याकडे राहायला आली आहे. परवा सकाळी मी पूजेला बसले होते, तळहातावर लिंग, आणि आत दुधाचा आवाज आला. मी उठले नाही. नात रांगत रांगत आली, माझ्या मांडीला धरून उभी राहिली आणि एक बोट पुढं करून तिनं लिंगाला लावलं, सावकाश, जसं कुणी झोपलेल्याला उठवावं. मी तळहात तसाच उघडा ठेवला. आतून यजमानांचा आवाज आला, "अगं, दूध गेलं सगळं उतू!" मी म्हटलं, "जाऊ द्या."